मोठं डिझेल सोडून 1.2 पेट्रोल घेताय? इंजिनाची काळजी नंतर, आधी जुनी गाडी मोकळी करा

नमस्कार दादा. तुमची पोस्ट वाचली. 2016 ची 2.2 लिटर इंजिनाची डिझेल स्कॉर्पिओ, मुलं पुण्याला गेल्यापासून रनिंग महिन्याला 600 किलोमीटरवर आलेलं. जुळे सोलापूर ते सात रस्ता रोजचं, आणि मधूनच तुळजापूर नाहीतर अक्कलकोट. 1.2 पेट्रोल हॅचबॅक घ्यायचं मनात आहे, पण ताकद कमी पडेल ही धास्ती. गॅरेजवाला म्हणतो याच गाडीत लहान इंजिन बसवून देतो. आणि जुन्या गाड्यांचा डीलर म्हणतो, गाडी आजच सोडा, कागद नंतर बघू. हे शेवटचं वाचलं आणि राहवलं नाही म्हणून एवढं लांबलचक लिहितोय. मी एजंट नाही, कुठल्या शोरूमशी संबंध नाही. वकीलही नाही, त्यामुळे कायद्याचं जे लिहिलंय ते एकदा जाणकाराकडून तपासून घ्या.

कुठली गाडी घ्यावी, कुठला रंग, कुठलं मॉडेल, यात मी पडत नाही.

ताकदीचं आधी उरकतो. तुमच्या डिझेलला 120 हॉर्सपॉवर आणि 280 न्यूटन-मीटर टॉर्क (म्हणजे ओढायची ताकद) आहे, तोही 1800 आरपीएमपासून (इंजिनाचे मिनिटाला फेरे). बाजारातल्या बहुतेक साध्या 1.2 पेट्रोलला टॉर्क 112-114 आणि तो पूर्ण मिळतो 4000 च्या पुढे. आकडे असे शेजारी ठेवले की माणूस घाबरतो. पण वजन बघा. तुमची गाडी 1800 किलोच्या आसपास, हॅचबॅक 900 च्या आसपास. टनामागे टॉर्क काढला तर 155 विरुद्ध 125, म्हणजे एकटा माणूस चालवत असेल तर फरक फार जाणवत नाही. आता दोन्ही गाड्यांत चार माणसं आणि डिकीभर सामान, म्हणजे साधारण 350 किलो टाका. स्कॉर्पिओ 130 वर येते, हॅचबॅक थेट 90 वर. लहान गाडीला ओझं जास्त लागतं ते असं. शोरूमची टेस्ट ड्राइव्ह होते सकाळी, दोघं जण, होटगी रोडच्या सपाट रस्त्यावर. त्यात हे काहीच कळत नाही. चौघं बसा, दुपारी दोन वाजता, एसी पूर्ण लावून गाडी मागा. तुळजापूरच्या घाटापर्यंत नेऊ देत असतील तर उत्तमच. एसीचा कॉम्प्रेसर तीन-चार हॉर्सपॉवर खातो. मोठ्या डिझेलला त्याचं काही नाही, 1.2 ला तो चढावर लगेच जाणवतो.

एरवी सोलापूरच्या आसपास रस्ते सपाट आहेत. विजापूर रोड, अक्कलकोट, पुणे हायवे, कुठेच 2.2 लागत नाही. अडतं एकाच ठिकाणी, ऊसाच्या हंगामात. पंढरपूर-मंगळवेढा बाजूला पुढे दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, रिफ्लेक्टरचा पत्ता नाही, समोरून गाड्या चालूच. डिझेलची सवय असलेला माणूस तिथे चौथ्या गिअरमध्ये पाय दाबतो, कारण टर्बो उचलतो. 1.2 मध्ये चौथ्याला ताशी 60 म्हणजे जेमतेम 2200 आरपीएम, त्यात काही दम नाही. गाडी ट्रॅक्टरच्या शेजारी लोंबकळत राहते. तिसरा टाका, 60 ला 3000 च्या आसपास येते, मग निघते. तिसऱ्यातही समोर जागा कमी वाटली तर मागे राहा, पाच मिनिटं उशीर झाला तर बिघडत नाही. गावातही डिझेलसारखं 1500 ला गिअर बदलू नका. इंजिन गुडगुडतं, नॉकिंग होतं, मायलेज उलट पडतं. चढावर क्लचवर खेळवत गाडी नेली की क्लचप्लेट लवकर जाते, आणि लोक म्हणतात कंपनीचा माल हलका.

आता पैसे. तुम्ही लिहिलंय की इंधन निम्म्यावर येईल. येणार नाही. हिशोबापुरतं डिझेल 92 आणि पेट्रोल 105 धरू, तुमच्या पंपावरचे दर घालून परत मांडा. 600 किलोमीटर, गावात डिझेलचं 11 चं ॲव्हरेज, म्हणजे 54-55 लिटर, साधारण 5000 रुपये. 1.2 पेट्रोल गावात एसी लावून 14 देतं, म्हणजे 43 लिटर, 4500. महिन्याला वाचले 500. जाहिरातीतला 24-25 चा आकडा प्रयोगशाळेत रोलरवर, एसी बंद ठेवून काढलेला असतो. तो दोन गाड्यांची आपसात तुलना करायला ठीक, महिन्याचा खर्च काढायला नाही. शिवाय आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आहे, त्याची उष्णता कमी, त्यामुळे ॲव्हरेज थोडं खाली धरा. जुनी पेट्रोल गाडी घेणार असाल तर 1 एप्रिल 2023 नंतर बनलेली बघा, तिचे भाग या इथेनॉलला धरून बनवलेले असतात.

बचत दुसरीकडे आहे. थर्ड पार्टी विम्याचा दर इंजिनाच्या सीसीवर ठरतो. 1 जून 2022 च्या दरपत्रकात 1500 सीसीच्या वर 7897 रुपये, 1000 ते 1500 ला 3416, आणि 1000 च्या आत 2094, वर जीएसटी. म्हणजे तुमचे इथेच वर्षाला साडेचार हजार सुटतात. इंजिन ऑइल सहा लिटरच्या आसपास लागतं ते साडेतीनच्या आत येतं. 17 इंची टायरऐवजी 14 इंची. डिझेलचे महागडे इंजेक्टर आणि टर्बो ही दोन नावं बिलातून जातात, आणि खरा दिलासा तो. नव्या गाडीवर 22 सप्टेंबर 2025 पासून लहान पेट्रोलला जीएसटी 18 टक्के आहे. आपल्याकडे रोड टॅक्स 10 लाखांच्या आतल्या पेट्रोलला 11 टक्के, डिझेलला 13. सगळं धरून बघा. तुमच्या डिझेलला अजून दोन वर्षं मोठा खर्च दिसत नसेल तर माझं स्पष्ट मत, घाई करू नका. सहाशेच्या रनिंगला इंधनाच्या बचतीतून नवी गाडी फिटत नाही.

सीएनजी म्हणाल तर महिन्याचा खर्च खरोखर निम्म्यावर येतो. पण डिकी जाते, ताकद आणखी दहा टक्क्यांच्या आसपास घटते, आणि सिलेंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट. बाहेरून किट बसवलं तर आरसीवर आणि विम्यावर दोन्हीकडे नोंद पाहिजे. पंपावरच्या रांगेत उभं राहायची तयारी तुमची तुम्ही ठरवा. आणि काहीही करा, पण या रनिंगला नवीन बीएस-6 डिझेल घेऊ नका. डीपीएफमध्ये (धूर गाळणाऱ्या फिल्टरमध्ये) साचलेली काजळी जाळायला सलग मोकळा रस्ता लागतो. जुळे सोलापूर ते सात रस्ता एवढ्यात तो तापतच नाही. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि वर्कशॉपची वारी.

आता मुख्य गोष्ट. गाडीवर कर्ज होतं आणि ते फिटलंय असं लिहिलंय. पण आरसीवरचा बोजा (कर्जाची नोंद) उतरवलाय का? पोस्टमध्ये त्याचा उल्लेख नाही, म्हणून शंका आली. हप्ते संपले म्हणजे गाडी मोकळी झाली असं नाही. फायनान्सवाल्याकडून एनओसी (ना-हरकत दाखला) आणि बोजा उतरवायचा सही-शिक्क्याचा फॉर्म 35 दोन प्रतींत घ्यायचा, परिवहनच्या साइटवर बोजा उतरवायचा अर्ज करायचा, आणि आरसीवरून फायनान्सरचं नाव गेलं की मगच गाडी विकायला काढायची. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात, ते इथे.

एनओसी हातात आली की काउंटरवरून हलायच्या आधी तीन गोष्टी आरसीशी अक्षर-अक्षर ताडून बघा. चॅसिस नंबर, इंजिन नंबर, आणि तुमच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग. चॅसिस नंबर 17 अक्षरांचा असतो, एक जरी चुकलं तरी आरटीओत अर्ज परत. आमच्या वेळी फायनान्सच्या शाखेने नेमका हाच घोळ घातला. आठाच्या जागी बी. आणि वर तोऱ्यात, आमच्याकडून असं होतच नाही. शाखा म्हणते पुण्याला विचारा, पुणे म्हणतं हेड ऑफिसला मेल करा, हेड ऑफिस म्हणतं शाखेतूनच विनंती यायला हवी. बऱ्याच एनओसींवर 90 दिवसांची मुदत छापलेली असते. ती या टोलवाटोलवीत संपली, आणि नवीन एनओसीसाठी परत फी. मध्ये 31 डिसेंबर उलटला, गाडी कागदावर एक वर्षाने म्हातारी झाली, डीलरने भाव पाडला, शोरूमचा एक्स्चेंज बोनस गेला. लहान इंजिनाने दोन-तीन वर्षांत वाचवलं असतं तेवढं त्या एका अक्षराने खाल्लं. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. तक्रार करायची तर तोंडी नको. ईमेल करा, आरसीचा फोटो जोडा आणि उत्तराला तारीख मागा. ऐकलंच नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार फुकट करता येते. मात्र त्याआधी कंपनीकडे लेखी तक्रार करून 30 दिवस थांबावं लागतं. म्हणून पहिला मेल लवकर टाका.

तुमची गाडी 1 एप्रिल 2019 च्या आधीची आहे, तेव्हा एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट बसवली नसेल तर आधी ती. त्याशिवाय बोजा उतरवणं, नाव बदलणं यातलं काही पुढे सरकत नाही. ई-चलन थकलेलं असेल तर तेही भरून टाका.

"आजच सोडा, कागद नंतर" याला साफ नाही म्हणा. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या कोऱ्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून देणं ही सोलापुरातली जुनी खोड, सगळेच करतात म्हणून बरोबर ठरत नाही. 2018 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलंय की आरसीवर ज्याचं नाव, अपघाताच्या नुकसानभरपाईला तोच मालक. गाडी चार हात बदलून गेली असेल तरीही. विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्याने 30 दिवसांत, असा कायदा आहे. डीलरकडेच द्यायची तर तो आरटीओचा अधिकृत डीलर आहे का विचारा. 1 एप्रिल 2023 पासून अशा डीलरला गाडी देताना फॉर्म 29सी ऑनलाइन भरता येतो, त्यानंतरची जबाबदारी त्याच्यावर जाते. नाही म्हणाला तर गाडी घरीच राहू दे. गिऱ्हाईक विजापूर किंवा गुलबर्ग्याकडचं असेल, आणि आपल्याकडच्या बऱ्याच गाड्या तिकडेच जातात, तर फॉर्म 28 ची आरटीओ एनओसी वेगळी काढावी लागेल. त्याला वेळ धरा.

विम्याचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर देऊन टाकू नका. तो तुमचा आहे, गाडीचा नाही. विक्रीचा पुरावा दाखवून कंपनीकडून एनसीबीचं पत्र घ्या, ते तीन वर्षं चालतं. 50 टक्के साठला असेल तर नव्या गाडीच्या ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमवर निम्मी सूट. शोरूमवाला आपली पॉलिसी गळ्यात मारताना हे आपणहून सांगत नाही. फास्टॅगही गाडी दिल्या दिवशीच बंद करा, नाहीतर गाडी जाणार दुसऱ्याची आणि सावळेश्वर टोलचे पैसे कापले जाणार तुमच्या खात्यातून.

राहिला गॅरेजवाल्याचा सल्ला. त्याच गाडीत दुसऱ्या जातीचं लहान इंजिन बसवायचं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेला तपशील बदलता येत नाही. इंजिन बदलायचंच तर त्याच मॉडेलचं, त्याच क्षमतेचं, आणि तेही आरटीओची मंजुरी घेऊन. नाहीतर बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि क्लेमच्या वेळी विमा कंपनी हात वर करायला मोकळी. कायदा बाजूला ठेवला तरी ते जमत नाही. डिफरन्शियलचं (चाकांना ताकद पोचवणाऱ्या गिअरचं) गुणोत्तर मोठ्या टॉर्कला बेतलेलं असतं, 1800 किलोची गाडी लहान इंजिनाला चढावर ओढवत नाही, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि इमोबिलायझर (चोरीविरोधी लॉक) जुळत नाहीत, माउंटिंग नव्याने बनवावी लागतात, आणि सतत जोर लावून ॲव्हरेज होतं त्यापेक्षाही खाली येतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. तो एवढा आग्रह का करतोय ते विचाराल तर, त्याच्याकडे ॲक्सिडेंटच्या गाडीतलं एखादं इंजिन पडून असणार.