आजीची माळ आणि नातवाची लस

मावशी,
माझं माहेर चंदगडकडचं, सासर खानापूर तालुक्यात. मुलगा अडीच वर्षांचा आहे. गेल्या पावसाळ्यात त्याला सणकून ताप आला, धाप लागली, बेळगावात नेऊन ॲडमिट करावं लागलं. डॉक्टर म्हणाले फ्लू होता, यंदा पावसाच्या आधी लस देऊन घ्या. पण सासूबाई माळकरी आहेत. ही लस अंड्यात करतात असं कुणीतरी त्यांना सांगितलं, तेव्हापासून ‘माझ्या नातवाला नको’ म्हणून बसल्यात. हे उद्यमबागेत फौंड्रीत कामाला आहेत. ते म्हणतात, आशाताईंनी सगळ्या लशी दिल्यात की. शेजारच्या पोराला ही लस दिली तरी सर्दी झालीच, मग पैसे कशाला घालायचे? जाऊबाई सुचवतात, माहेरी जाशील तेव्हा गुपचूप देऊन ये. काय करू?
– एक आई

पोरी, लस दे. पण गुपचूप देऊ नकोस.

आधी गुपचूपचं बोलते. तुझ्या मुलाला ही लस पहिल्यांदाच मिळणार आहे. नऊ वर्षांच्या आतल्या मुलाला पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस लागतात. म्हणजे एकदा लपवून भागणार नाही. शिवाय लस दिल्यावर एखादा दिवस अंग कोमट लागतं, दंड किंवा मांडी दुखते, पोर किरकिर करतं. दिवसभर त्याला कडेवर घेऊन फिरणाऱ्या आजीला ते कळणारच. मग विषय लशीचा राहणार नाही, ‘सुनेनं मला फसवलं’ हा होईल, आणि तो वर्षानुवर्षं पुरेल.

आता अंड्याचं. सासूबाईंनी ऐकलंय ते खोटं नाही, म्हणून ते नाकारू नकोस. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक फ्लूच्या लशींसाठीचा विषाणू कोंबडीच्या अंड्यात वाढवतात, मग तो मारतात आणि शुद्ध करतात. शेवटी अंड्यातल्या प्रथिनाचा अगदी सूक्ष्म अंश उरू शकतो. हे त्यांना सरळ सांग. त्या रोज घेतात त्या कॅप्सूलचं कवचही बऱ्याचदा जनावराच्या हाडाकातड्यापासून केलेलं असतं, हा मुद्दा तुला कुणीतरी सुचवेल. तो त्यांच्या तोंडावर फेकू नकोस. ज्या बाईनं आयुष्यभर नेम पाळला तिला वादात हरवून तुला काय मिळणार आहे? त्यांना एवढंच विचार, ‘आत्या, गेल्या पावसात त्याची छाती कशी खालीवर होत होती ते तुम्हीही बघितलंत. हे ताटात वाढायचं अन्न नाही, औषध आहे. आणि माळ त्याच्या गळ्यात अजून नाही.’ त्यांना घेऊनच डॉक्टरांकडे जा. त्यांच्या मनातला प्रश्न त्यांनाच विचारू दे.

तरीही त्या ‘नको’च म्हणाल्या तर? तर निर्णय तू आणि तुझ्या नवऱ्यानं घ्यायचा, त्यांना सांगून घ्यायचा. मोठ्यांचा मान राखायचा म्हणजे त्यांच्या भीतीपायी लेकराला पुन्हा सलाईन लावू द्यायची, असं मी कधीच म्हणणार नाही.

नवऱ्याच्या दोन शंका आहेत, दोन्ही रास्त. पहिली, आशाताईंच्या लशींची. तायी कार्ड, म्हणजे आई-बाळाच्या नोंदींचं सरकारी कार्ड, कन्नडमध्ये असतं, माहेर चंदगडचं असलं की ते वाचता येत नाही, आणि एवढे शिक्के बघून सगळं झालं असं वाटतं. आशाताईंना एकदा शेजारी बसवून ओळ न् ओळ वाचून घे. पोलिओ, पेंटाव्हॅलेंट, गोवर-रुबेला सगळं असेल, फ्लू नसेल. तो सरकारी मोफत लसीकरणात नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना मात्र सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना दरवर्षी ही लस द्या असं सांगते, कारण याच वयात फ्लू छातीत उतरण्याचा धोका जास्त. त्यात तुझ्या मुलाला एकदा धाप लागून गेलीय.

खर्च एका डोसाला साधारण दीड-दोन हजारांच्या घरात जातो, दवाखान्यागणिक कमीजास्त. पगारदार घराला हे जाणवतं, मला कळतं. दोन डोसांचा खर्च पहिल्या वर्षीच आहे, पुढे वर्षाला एक. गेल्या वर्षीचं ॲडमिट असतानाचं बिल घरात असेल, ते काढून नवऱ्यासमोर ठेव.

दुसरी शंका शेजारच्या पोराच्या सर्दीची. सर्दी करणारे विषाणू कितीतरी आहेत, ही लस फक्त फ्लूच्या विषाणूंवर आहे. आणि फ्लूलाही ती शंभर टक्के अडवत नाही. लस त्या वर्षीच्या विषाणूशी चांगली जुळली तर आजाराची शक्यता साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होते. तिचं खरं मोल पुढे आहे: २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात, मुलांच्या जिवावर बेतणारा फ्लू लशीमुळे ७५ टक्क्यांनी कमी झालेला दिसला. २००९ साली स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला, ती शाळेत जाणारी मुलगी होती. आपल्या भागातली निम्मी घरं तेव्हा पुण्यातल्या नातेवाइकांना फोन करत होती. तो विषाणू गेलेला नाही, आता नेहमीच्या फ्लूमध्येच मोडतो आणि या लशीत त्याच्यावरचा भागही असतो. मेलेल्या विषाणूची ही लस असल्यानं तिच्यामुळे फ्लू होत नाही, हेही नवऱ्याला सांग.

सासूबाईंबद्दल आणखी एक गोष्ट माझ्या मनात आहे. माळकरी आहेत म्हणजे आषाढी चुकवत नसतील. जून-जुलैचा पाऊस, दिंडीतली गर्दी, ओल्या कपड्यात झोपणं, आणि नेमका तोच आपल्याकडे फ्लूचा मोसम. त्यांचं वय झालं असेल, साखर किंवा बीपी असेल, तर लशीची गरज त्यांनाही आहे. त्यांनी घ्यावी की नाही हे त्यांच्या नेमावर सोडून दे. पण नातवाला दिली तर त्यांनाही काही प्रमाणात आडोसा मिळतो. कॅनडात हटराइट पंथाचे लोक वसाहती करून राहतात, शेती एकत्र, जेवण एका पंगतीला. तिथे काही वसाहतींमध्ये फक्त मुलांना फ्लूची लस दिली, तर लस न घेतलेल्या बाकीच्यांमध्येही फ्लू सुमारे ६१ टक्के कमी झाला. हा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. तुमचं घरही एकत्रच आहे. ही गोष्ट सासूबाईंना सांग. नातवासाठी नाही म्हणणारी आजी कदाचित ‘आपल्यामुळे त्याला, त्याच्यामुळे आपल्याला’ हे ऐकून घेईल.

वेळेचं म्हणशील, तर एप्रिलमध्ये पहिला डोस, मेमध्ये दुसरा. दुसऱ्या डोसानंतर ताकद यायला दोनेक आठवडे लागतात. मेच्या अखेरीस आपल्या कर्नाटकातल्या शाळा उघडतात, घरातली मोठी पोरं वर्गातून सर्दीताप घेऊन येतात, आणि खानापूरकडचा पाऊस एकदा लागला की दारंखिडक्या बंद करून सगळे एकाच खोलीत. त्याआधी आटप. हा विषाणू रूप बदलतो म्हणून लसही वरचेवर बदलते. त्या वर्षीची ताजी आहे ना आणि फ्रीजमध्ये नीट ठेवलेली आहे ना, हे विचारायला संकोच करू नकोस. दोन्ही तारखा कार्डावर लिहून घे. साधं नाक वाहत असेल तर लस घेता येते, चांगला ताप असेल तर उतरेपर्यंत थांबतात. जाऊबाईंना दिवस गेले असतील किंवा घरात तान्हं बाळ असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाल. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देता येत नाही, आणि गरोदर बाईनं घेतली तर बाळाला पहिले काही महिने तिच्याकडून संरक्षण मिळतं.

लस देऊनही ताप आलाच, तर सासूबाईंचा काढा, गरम पेज चालेल, ओव्याची धुरी धाप लागणाऱ्या पोराजवळ नको. मेडिकलमधून आपल्या मनानं अँटिबायोटिक किंवा ॲस्पिरिन आणायचं नाही. श्वास जोरात चालला, बरगड्यांखाली खड्डे पडायला लागले, पाणी प्यायचं सोडलं, ओठ निळसर दिसले किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला, तर नवरा ड्यूटीवरून यायची वाट न बघता दवाखाना गाठायचा. हे सासूबाईंनाही आत्ताच समजावून ठेव, दुपारी घरात त्याच असतात.

– मावशी