फळ्यावरच्या चार ओळी

प्रश्न : ताई, निवृत्त झाल्यापासून घराच्या दाराशी फळ्यावर रोज दिनविशेष लिहितो, खाली माझ्या चार ओळी. पण त्या भाषणासारख्या होतात. ‘महामानवास कोटी कोटी वंदन’ किती वेळा लिहायचं? – एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : भाऊ, कोटीपेक्षा एक मोजा. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली, हे सगळेच लिहितात. दीक्षाभूमीकडे पांढऱ्या लुगड्यात पायी निघालेली एखादी म्हातारी आजी तुम्ही पाहिली असेलच. तिच्या चपलेवर लिहा.

आणि तुमच्या महालात बसून विषय संपले म्हणता? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या-पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, ‘घेऊन जा गे मारबत’ अशी आरोळी उठते. त्याच दिवशी तान्हा पोळा. लाकडी नंदीबैल घेऊन दारी आलेल्या पोरांना बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, देताना कोण लाजलं, कोणी दोनदा हात पुढे केला, यात कविता आहे. (माझ्या बैलाचं एक चाक कायम निघायचं. वडील सुतळीनं बांधून द्यायचे. त्यांच्या पुण्यतिथीला मी त्या सुतळीवरच लिहिते.)

11 सप्टेंबरला कवी अनिलांची जयंती, जन्म 1901 चा. त्यांनी दहा ओळींची दशपदी रुजवली. त्या दिवशी चारऐवजी दहा ओळी लिहून पाहा, फळा पुरला तर.

‘कृतज्ञता’ हा शब्द मात्र महिनाभर बंद. भाजीवालीनं फुकट टाकलेली सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी लिहा. उद्या तीच थांबून वाचेल.