फोटो बंद करून तुमचाच मेल एकदा वाचा

मार्केटिंग मेलचं डिझाइन आणि त्यासाठी लागणारी टूल्स यावर प्रश्न मागवले होते, बरेच आले. सारखे प्रश्न एकत्र केलेत, ज्यात सगळ्यात जास्त गोंधळ दिसला त्यांना जास्त जागा दिली आहे.

प्रश्न: मी हाताने शिवलेल्या पिशव्या विकते. दर महिन्याला कॅन्व्हामध्ये पोस्टर बनवते, फोटो, ऑफर, फोन नंबर सगळं त्यातच असतं, आणि ती इमेज मेलमध्ये टाकून सगळ्यांना पाठवते. पण खूप जण म्हणतात मेल कोराच आला. कॅन्व्हापेक्षा चांगलं टूल कोणतं?

उत्तर: टूल बदलायच्या आधी एक करून बघा. मेलच्या सेटिंगमध्ये बाहेरच्या इमेजेस आपोआप दाखवू नका असा पर्याय असतो, तो चालू करा आणि स्वतःचाच मागच्या महिन्याचा मेल उघडा. एक रिकामी चौकट दिसेल, फार तर कोपऱ्यात फाइलचं नाव, "पोस्टर फायनल २" वगैरे. कॉम्प्युटरवरचं आउटलुक बाहेरून लोड होणाऱ्या इमेजेस सुरुवातीला अडवूनच ठेवतं, काही जण स्वतःहूनही त्या बंद ठेवतात, आणि तुमचं सगळं म्हणणं एका इमेजमध्ये असल्यामुळे त्या लोकांपर्यंत त्यातलं अक्षरही पोचत नाही.

इमेज दिसली तरी फोनवर दुसरी अडचण आहेच. ६०० पिक्सेल रुंद पोस्टर ३७५ पिक्सेलच्या स्क्रीनवर बसवलं की १६ चं अक्षर १० चं होऊन बसतं. लोक बोटांनी मोठं करून वाचत बसत नाहीत, पुढे जातात. शिवाय फोन नंबरवर बोट ठेवून फोन लावता येत नाही, आणि ज्यांना दिसत नाही त्यांचा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, त्यातलं काहीच वाचू शकत नाही, हे मला सगळ्यात जास्त खटकतं.

कॅन्व्हा सोडायची गरज नाही. फक्त तिथे फोटो तयार करा, अक्षरं मेलमध्येच टाइप करा. मेलचिंप, ब्रेव्हो अशा मेल पाठवायच्या सर्व्हिसमध्ये ब्लॉक ओढून मेल बनवायचा एडिटर असतोच, आणि फक्त डिझाइनसाठी वेगळं हवं असेल तर स्ट्रिपो किंवा बीफ्री बघा, तिथे बनवलेला मेल पाठवायच्या सर्व्हिसमध्ये नेता येतो. ज्यांना थोडं कोडिंग येतं त्यांच्यासाठी एमजेएमएल आहे, ओपन सोर्स आहे, साधे टॅग लिहायचे, टेबलांचं किचकट एचटीएमएल ते स्वतः तयार करून देतं.

तुमच्याच पिशवीचं उदाहरण घेऊ. फोटो १२०० पिक्सेल रुंद ठेवा आणि मेलमध्ये ६०० वर दाखवा, म्हणजे चांगल्या स्क्रीनवर धूसर दिसणार नाही. आधी स्क्वूशमध्ये टाकून वजन कमी करा, ते ब्राउझरमध्येच चालतं, तुमचा फोटो कुठे अपलोड होत नाही. क्वालिटी ७० ते ७५ ला ठेवून मधली रेघ डावी-उजवीकडे ओढून मूळ आणि नवा फोटो ताडून बघा, शिवणीचे टाके स्पष्ट दिसतायत तोवर कमी करत जा. मग ऑल्ट टेक्स्टमध्ये, म्हणजे इमेज दिसली नाही तर तिच्या जागी येणाऱ्या मजकुरात, लिहा "निळी कापडी पिशवी, बाहेरून दोन खिसे". "इमेज १" नको. खाली दोन-तीन ओळी मजकूर आणि एक बटण. बटण एडिटरमधल्या बटणाच्या ब्लॉकनेच करा, बटणाचा फोटो लावू नका, उंची ४४ पिक्सेलपेक्षा कमी ठेवू नका आणि त्यावर "इथे क्लिक करा" ऐवजी "पिशव्या बघा" असं लिहा. एवढं झालं की परत इमेजेस बंद करून तोच मेल वाचा. काय विकताय आणि पुढे काय करायचं हे तरीही कळलं तर मेल पाठवायला तयार आहे.

प्रश्न: आमच्याकडचा मजकूर जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे, मेलमध्ये पेस्ट केला की विचित्र इंग्रजी अक्षरं येतात, म्हणून नाइलाजाने इमेज करून टाकतो. दुसरा मार्ग आहे का? आणि मराठी मेलसाठी फॉन्ट कोणता घ्यावा?

उत्तर: आहे की, आणि एकदा केलंत की कायमचा सुटाल. श्रीलिपी, कृतीदेव अशा जुन्या पद्धतीत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असायचे, त्यामुळे तो फॉन्ट समोरच्याच्या मशीनवर नसेल तर खालची मूळ इंग्रजी अक्षरंच दिसणार. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठीच दिसेल अशा पद्धतीत, बदलून घ्या, कन्व्हर्टर सहज मिळतात, फक्त बदललेला मजकूर डोळ्याखालून घाला, रफार आणि जोडाक्षरं हमखास चुकतात. पुढचं सगळं मात्र थेट युनिकोडमध्येच टाइप करायची सवय लावा.

फॉन्टचं म्हणाल तर गूगल फॉन्ट्सवर मुक्ता, बलू, नोटो सान्स देवनागरी असे उत्तम फॉन्ट आहेत, पण ते वेबसाइटसाठी. जीमेल तुमचा वेब फॉन्ट लोड करतच नाही, ॲपल मेल करतं. म्हणजे बहुतेकांना त्यांच्या मशीनवरचाच देवनागरी फॉन्ट दिसणार, विंडोजवर निर्मला, आयफोनवर कोहिनूर, अँड्रॉइडवर साधारण नोटो. त्यामुळे फॉन्ट निवडण्यात दिवस घालवू नका, तो वेळ अक्षराच्या आकाराला आणि दोन ओळींतल्या अंतराला द्या. एडिटरमधली तयार सेटिंग्ज इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून केलेली असतात. आपल्याकडे वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ते वरच्या-खालच्या ओळीला भिडतात. मी अक्षर १७ किंवा १८ आणि लाइन हाइट १.६ च्या आसपास ठेवते, लगेच मोकळं वाटतं.

आणि अक्षरांमधलं अंतर वाढवायचा जो पर्याय असतो, लेटर स्पेसिंग, तो मराठीसाठी शून्यच ठेवा. इंग्रजी टेम्प्लेटच्या हेडिंगमध्ये तो बऱ्याचदा आधीच वाढवलेला असतो, आपण त्यात मराठी टाइप करतो आणि शिरोरेषा प्रत्येक अक्षरापाशी तुटते, शब्द दात पडल्यासारखा दिसतो. बऱ्याच जणांना वाटतं फॉन्टच खराब आहे, फॉन्ट चांगलाच असतो. फोटोवर मराठी लिहायचं असेल आणि फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत जोडाक्षरं फुटत असतील तर प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली वर्ल्ड-रेडी लेआउट चालू करा.

प्रश्न: डार्क मोडमध्ये आमचा लोगो गायबच होतो. काय करू?

उत्तर: हे माझ्या बाबतीत झालंय. पारदर्शक पीएनजीवर काळ्या अक्षरातला लोगो, पांढऱ्यावर सुंदर दिसत होता, मेल गेला आणि एका मैत्रिणीने स्क्रीनशॉट पाठवला, वर नुसता काळा पट्टा. तेव्हापासून मी लोगोच्या अक्षरांभोवती दोन-तीन पिक्सेलची पांढरी कड देते, पांढऱ्या बॅकग्राउंडवर ती दिसत नाही आणि काळ्यावर तीच लोगोला वाचवते. काही मेल ॲप रंग तसेच ठेवतात, काही फक्त फिकट भाग गडद करतात, काही सगळंच उलटं करतात, त्यामुळे कुठल्याही रंगात निभावेल असाच लोगो लागतो. लोगोची फाइल एसव्हीजी प्रकारची वापरू नका, जीमेलमध्ये दिसत नाही.

रंगाचा विषय निघालाच आहे तर पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं टाळा. वेबएम (WebAIM) या साइटचं कॉन्ट्रास्ट चेकर आहे, दोन रंगांतला फरक मोजतं, अक्षराचा आणि मागचा असे दोन्ही रंग टाका, साध्या मजकुराला ४.५ च्या वर आकडा यायला हवा, मोठ्या हेडिंगला ३ चालतो.

प्रश्न: जिफ, म्हणजे हलणारी इमेज, टाकली तर मेल आकर्षक होतो का?

उत्तर: होतो, जर हालचालीतून काही कळत असेल तर. झिप कशी उघडते, पिशवी घडी करून केवढीशी होते, हे तीन सेकंदांत दाखवता येतं. नुसता चमकणारा मजकूर मात्र नको. विंडोजवरच्या जुन्या आउटलुकमध्ये जिफ हलत नाही, पहिलीच फ्रेम दिसते, म्हणून पहिल्या फ्रेममध्येच मुख्य गोष्ट असू द्या. इझीजिफ (ezgif) या साइटवर फ्रेम कमी करून वजन उतरवता येतं.

प्रश्न: मेल खाली अर्धवट कापला जातो आणि "पूर्ण मेल पाहा" असं येतं. फोटो तर फार नाहीत.

उत्तर: फोटोंचा इथे संबंध नाही. जीमेल १०२ केबीच्या वर एचटीएमएल गेलं की मेल कापतं, आणि ते वजन कोडचं आणि मजकुराचं असतं, बाहेरून लोड होणारे फोटो त्यात धरत नाहीत. मराठीत हे जरा लवकर भरतं, कारण युनिकोडमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. "नमस्कार" या शब्दात ७ चिन्हं आहेत, म्हणजे २१ बाइट. त्यात एखादं टूल प्रत्येक चिन्हाचं आकड्यांच्या कोडमध्ये रूपांतर करत असेल तर तोच शब्द ४९ बाइटचा होतो. मेलचा सोर्स, म्हणजे मागचा कोड, उघडून बघा, मराठीऐवजी आकड्यांच्या रांगा दिसल्या तर ते सेटिंग बदला. आणि वर्डमधून थेट पेस्ट करू नका, सोबत ढीगभर फालतू कोड येतो, आधी नोटपॅडमध्ये टाका, तिथून उचला. एवढं करूनही कापला जात असेल तर मेल लांब झालाय, त्याचे दोन करा.

प्रश्न: अनसबस्क्राइबची लिंक बारीक आणि फिकट केली तर लोक कमी जातील ना?

उत्तर: नका करू. ज्याला जायचंय त्याला लिंक सापडली नाही तर तो स्पॅमचं बटण दाबतो, आणि त्याने तुमचे बाकीच्यांना जाणारे मेलही अडकायला लागतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर मार्केटिंग मेल पाठवणाऱ्यांना एका क्लिकमध्ये अनसबस्क्राइबची सोय बंधनकारक केलीय, जीमेलच्या बाबतीत मोठ्या प्रमाणावर म्हणजे दिवसाला ५,००० च्या पुढे. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवायला सांगितलंय. तुम्ही रोज २०० च पाठवत असाल तरी लिंक नीट वाचता येईल अशीच ठेवा, जाणाऱ्याला सन्मानाने जाऊ द्यावं.

प्रश्न: माझ्या फोनवर मेल छान दिसतो, पण सगळीकडे तसाच दिसेल हे कसं तपासायचं? आणि नवीन डिझाइन केल्यापासून ओपन रेट, म्हणजे मेल उघडणाऱ्यांचं प्रमाण, वाढलाय, म्हणजे डिझाइन चाललं असं समजू का?

उत्तर: तपासायला लिटमस आणि ईमेल ऑन ॲसिड आहेत, एकच मेल वेगवेगळ्या ॲपमध्ये कसा दिसेल त्याचे स्क्रीनशॉट देतात, पण पैसे लागतात. महिन्याला एक-दोन मेल जात असतील तर चार खाती उघडा, एक जीमेल, एक आउटलुक, एक याहू, एखाद्या आयफोनवाल्या मित्राचं, आणि पाठवायच्या आधी तिकडे टेस्ट मेल टाका. एखादी गोष्ट कुठे चालते कुठे नाही हे कॅन आय ईमेल या साइटवर फुकट बघता येतं. टेस्ट मेल उघडायच्या आधी इनबॉक्समध्येच थांबून सब्जेक्टच्या शेजारची फिकट ओळ वाचा. तिला प्रीहेडर म्हणतात, ती स्वतः लिहिली नाही तर मेलमधलं पहिलं वाक्य उचललं जातं, आणि ते बऱ्याचदा "हा मेल नीट दिसत नसेल तर" असलं काहीतरी असतं. इनबॉक्समधली एवढी मोक्याची ओळ अशी वाया घालवू नका.

ओपन रेटवर मात्र विसंबू नका. डिझाइन मेलच्या आत असतं, उघडायचं की नाही ते माणूस पाठवणाऱ्याचं नाव आणि सब्जेक्ट बघून ठरवतो. त्यात २०२१ मध्ये आयओएस १५ सोबत ॲपलने मेल प्रायव्हसी प्रोटेक्शन आणलं, ते चालू असेल तर माणसाने मेल उघडो न उघडो, इमेजेस आधीच लोड होतात आणि मोजणाऱ्याला वाटतं उघडला. बटणावर किती जणांनी क्लिक केलं ते बघा, आणि त्याहीपेक्षा उत्तरं किती आली ते. पुढच्या मेलच्या शेवटी एक साधा प्रश्न टाका, "मोठी पिशवी हवी की छोटी?" असा एका शब्दात उत्तर देता येईल असा, आणि पाठवणारा पत्ता नो-रिप्लाय, म्हणजे उत्तरं न घेणारा, असेल तर तो आधी बदला.