ब्रह्मगिरीचे दोन उतार

प्रिय,

अनेक आशीर्वाद. "नाशिकला राहून समुद्रासाठी काय करणार?" असं तू विचारलंस. एकदा ब्रह्मगिरी चढून ये. तिथे उगम पावलेली गोदावरी सुमारे १४६५ किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळते आणि त्र्यंबकच्याच डोंगरांतून निघालेली वैतरणा अरबी समुद्राला. आपल्या जिल्ह्याचं पाणी दोन्ही समुद्रांना जातं. मग समुद्र आपला नाही कसा?

पूर ओसरला की गोदाघाटावर जा. पाणी दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठपर्यंत चढलं, याची चर्चा सगळं गाव करतं. तू कठड्यांना काय अडकलंय ते बघ. निर्माल्याच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या आणि दुधाच्या पिशवीचे कापलेले कोपरे. मला सगळ्यात जास्त भीती या कोपऱ्यांची वाटते. नखाएवढा तुकडा, वेचायला गेलं तर चिखलात हाताला लागत नाही. यातला काही कचरा नांदूर मध्यमेश्वरला अडतो, म्हणजे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) ठरलेल्या पाणथळीत. काही जायकवाडीत साठतो. उरलेला झिजत, तुटत पुढे जातो. नदीच्या मुखापाशी, काकीनाड्याजवळ कोरिंगाचं कांदळवन, म्हणजे खारफुटीचं जंगल आहे. माशांची पिल्लं तिथल्या मुळांच्या आडोशाने वाढतात.

पानवेलींकडेही, म्हणजे नदीवर पसरणाऱ्या जलपर्णीकडेही, नीट बघ. सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर त्या फोफावतात. तीच खतं समुद्रात पोचली की शेवाळ माजतं, ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. म्हणून मलजल शुद्धीकरणाची मागणी ही समुद्राचीच मागणी आहे. २०२७ च्या सिंहस्थाआधी ती लावून धर.

आता माझी चूक सांगते. काही वर्षांपूर्वी आम्ही बस करून कोकणात कांदळवन लावायला गेलो होतो. खाडीतल्या उघड्या चिखलात रांगेने रोपं खोवली, फोटो काढले. तिथल्या एक मावशी म्हणाल्या, "बाई, हितं पाणी लई वेळ उभं ऱ्हातं, तिवर जगायची नाय. आन् आमची तिसऱ्या काढायची जागा गेली." (तिवर म्हणजे कांदळवनातलं झाड, तिसऱ्या म्हणजे खायच्या शिंपल्या.) पुढच्या वर्षी जाऊन पाहिलं, तर आधाराच्या काठ्या तेवढ्या उभ्या होत्या. मावशींना आधी विचारायला हवं होतं. बांध किंवा भराव घालून भरती-ओहोटी अडलेली असेल, तर ती वाट आधी मोकळी करायची. जवळपास जुनी झाडं असतील, तर बी पाण्याबरोबर येतं आणि आपापल्या जागी रुजतं. रोपं लावणं त्यानंतर, तेही लागलंच तर.

त्यामुळे लगेच भाषणं देऊ नकोस. आधी एक वही कर. तारीख, घाटाचा कोणता भाग, काय सापडलं, किती किलो. वर्षभराची वही घेऊन महापालिकेत गेलीस, की समोरच्याला नुसतं "बघू" म्हणून उठता येत नाही.

रविवारी सकाळी सातला गाडगे महाराज पुलाखाली ये. हातमोजे आण, वजनकाटा माझ्याकडे आहे.

तुझी,
मावशी