नायक हरतो, मग प्रतिकार कुठे?

प्रश्न : बाई, मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. घरी तेलुगू, शाळा मराठी, आता विषय इंग्रजी. सेमिनारला ‘आफ्रिकन कादंबरीतील सांस्कृतिक अस्मिता आणि वसाहतवादाला प्रतिकार’ हा विषय आलाय, म्हणून नायजेरियाचे चिनुआ अचेबे यांची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ वाचली. गाइडमध्ये तिचा नायक ओकॉन्को हा प्रतिकाराचं प्रतीक असल्याचं छापलंय. मला ते पटत नाही. तो बायकांना मारतो, त्याला बाबा म्हणणाऱ्या पोरावर वार करतो आणि शेवटी गळफास घेतो. गोरेच जिंकतात. शिवाय पुस्तक इंग्रजीत! मग प्रतिकार शोधायचा कुठे?

उत्तर : गाइडवर विश्वास ठेवला नाहीस, बरं केलंस. प्रतिकार ओकॉन्कोत शोधू नकोस, पुस्तकात शोध.

पहिल्या भागाची तेरा प्रकरणं संपतात तरी उमुओफिया गावात गोऱ्याचं पाऊल पडलेलं नसतं. तोवर आपण तिथं नांदून घेतो. यामच्या कंदांची लागवड, पाहुण्यापुढे ठेवलेला कोला नट, लग्नाच्या बोलणीत तोंडानं आकडा न सांगता इकडून तिकडे जाणारी काड्यांची जुडी. दहावं प्रकरण पुन्हा काढ. नवरा मारतो म्हणून बायकोला तिच्या भावांनी घरी नेलंय आणि मुखवटे घातलेले एग्वुग्वु, म्हणजे पूर्वजांचे आत्मे बनून आलेले गावचे मोठे लोक, भर मैदानात निवाडा करतायत. दोन्ही बाजू ऐकल्या जातात, नवऱ्याला माफी मागायला लावतात. पुढे इंग्रज कमिशनर येतो आणि या लोकांना न्याय शिकवायला आपलं कोर्ट थाटतो. त्या कोर्टाची करणी बघ : गावच्या सहा मुखियांना बोलणीला बोलावून बेड्या घालतात, दंड दोनशे पोती कवड्या, आणि कोर्टाचे शिपाई गावाला सांगतात अडीचशे. वरची पन्नास त्यांच्या खिशात. अचेबे यावर एक शब्द टीका करत नाहीत. दोन न्याय आपल्यासमोर मांडतात आणि पुढे जातात.

तुला ओकॉन्कोचा राग आला, तो यायलाच हवा. तो पोरगा, इकेमेफुना, तीन वर्षं त्याच्या घरात वाढला. देवाच्या कौलानं त्याला मारायचं ठरलं, तेव्हा गावातल्या म्हाताऱ्यानं बजावलं होतं, पोर तुला बाप म्हणतंय, त्याच्या मरणात तुझा हात नको. तरी लोक भित्रा म्हणतील या भीतीनं त्यानं वार केला. अचेबेंनी हे झाकलं नाही. जुळी मुलं रानात टाकून देण्याची प्रथा झाकली नाही, ओसूही झाकले नाहीत. ओसू म्हणजे देवाला वाहिलेले, पिढ्यान् पिढ्या वेगळे ठेवलेले लोक. त्यांच्याशी सोयरीक नाही, त्यांच्या केसांना वस्तरा लागायचा नाही. ख्रिस्ती मिशन आल्यावर सुरुवातीलाच तिकडे कोण गेलं? जुळी टाकावी लागलेली आई, ओसू, आणि इकेमेफुनाला भाऊ मानणारा ओकॉन्कोचा स्वतःचा मुलगा. ज्यांना गावानं दुखावलं त्यांच्यातूनच फट पडली. आपल्या महाराष्ट्रात हे परकं वाटत नाही आणि वाटूही नये. अस्मिता म्हणजे धुऊन इस्त्री करून ठेवलेला भूतकाळ असं ज्यांना वाटतं, त्यांना ही पानं मोठ्यानं वाचून दाखवावीत असं मला फार वाटतं. आपलं घर पूर्ण सांगण्याची हिंमत, त्यातल्या अन्यायासकट, हा माझ्या मते या कादंबरीतला सगळ्यात मोठा प्रतिकार आहे.

आणि शेवट. ओकॉन्कोचं प्रेत झाडाला लटकतंय आणि कमिशनर मनात ठरवतो, आपण लिहितोय त्या पुस्तकात याच्यावर प्रकरण नको, एक परिच्छेद पुरे. त्या एका परिच्छेदाला उत्तर म्हणून आपण अख्खी कादंबरी वाचलेली असते. अचेबे जन्मले नोव्हेंबर १९३० मध्ये. त्याच वर्षी मे महिन्यात आपल्या सोलापुरावर मार्शल लॉ होता, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन येरवड्यात फासावर गेले. इंग्रजांच्या कागदात ते चौघे खुनाचे गुन्हेगार. चार हुतात्मा चौकातून जाताना आपल्यातल्या कुणाला तो कागद आठवतो का?

इंग्रजीचा तुझा आक्षेप खराच आहे, आफ्रिकेतही त्यावर जोरात भांडण झालं. अचेबेंचं म्हणणं, इंग्रजी आमच्या हाताखाली वाकवू. केनियाचे न्गुगी वा थिओंगो यांना ते मान्य नव्हतं. शाळेत गिकुयू ही आपली मातृभाषा बोलताना सापडलेल्या पोराला छड्या बसत, नाहीतर गळ्यात अपमानाची पाटी अडकवत, हे त्यांनी पाहिलं होतं. १९७७ मध्ये त्यांनी कामिरिथु गावातल्या मजुरांना घेऊन गिकुयूत नाटक बसवलं. त्याच वर्षी सरकारवर टीका करणारी त्यांची इंग्रजी कादंबरी आली होती, तिला कुणी हात लावला नाही. गिकुयू नाटक मात्र बंद पाडलं आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्यांना अटक झाली. अटक करणारं सरकार स्वतंत्र केनियाचं, हे सेमिनारमध्ये नक्की सांग. तुरुंगात त्यांनी टॉयलेट पेपरवर गिकुयूत कादंबरी लिहिली, ‘डेव्हिल ऑन द क्रॉस’. आणि तुझ्यासाठी खास : तेलुगू कवी वरवर राव यांनी तिचा तेलुगू अनुवाद केला, तोही तुरुंगात असताना. घरात तेलुगू वाचणारं कुणी असेल तर ती मिळव आणि त्यांच्यासोबत बसून वाच.

प्रश्न : मी रेल्वेतून निवृत्त झालो, रामवाडीत राहतो. आफ्रिकेतल्या कामगारांवर काही वाचण्यासारखं आहे का?

उत्तर : आहे, आणि तुम्ही ते दोन बैठकांत संपवाल. सेनेगलचे सेम्बेन उस्मान यांची ‘गॉड्स बिट्स ऑफ वुड’. मूळ फ्रेंच, १९६०. डाकार-नायजर रेल्वेच्या आफ्रिकन कामगारांनी ऑक्टोबर १९४७ ते मार्च १९४८ संप केला, त्यावर ती आहे. नेता बाकायोको इंजिन ड्रायव्हर, पण कितीतरी पानं तो दिसतच नाही, नुसतं त्याचं नाव लोकांच्या तोंडी. लढतात बायका. पाणी तोडलंय, दुकानदार उधार देत नाही. रामातुलाय नावाच्या बाईच्या घरात भावाचा माजलेला मेंढा घुसून पोरांचा भात खातो. ती सुरी घेते, मेंढा कापते आणि पोलिसांना न जुमानता गल्लीतल्या पोरांना जेवू घालते. पुढे बायका थिएसहून डाकारपर्यंत चालत जातात. सेम्बेन स्वतः मार्सेयच्या बंदरात हमाली केलेले. सुरुवातीला नावांची गर्दी होईल. बामाको, थिएस, डाकार असे तीन रकाने पाडून माणसांची नावं कागदावर लिहून ठेवा.