खांद्याला बसला तर सीटवर अडकतो, सीटला बसला तर खांदे उतरतात: कुर्ता घ्यायचा तरी कोणता?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: उंची ५ फूट, छाती ३८ इंच, कंबर ३४, सीट (म्हणजे नितंबांचा घेर) ४४. रेडीमेड कुर्ता वर बसतो तर खाली अडकतो, खाली बसणारा घेतला तर वर लोंबतो, आणि काहीही घातलं तरी आहे त्याहून जाड दिसायला होतं. मग माझ्या अंगाला शोभेल असं काय घ्यावं?

अंगाच्या आकारांना फळांची नावं देणाऱ्या, इंटरनेटवरच्या सफरचंद-नासपतीच्या तक्त्यांत आपण कुठलं फळ, हे शोधत बसू नका. त्यातून कळणार एवढंच की सीट छातीपेक्षा मोठी आहे, आणि ते तुम्हाला आधीच ठाऊक आहे. बहुतेक रेडीमेड तक्ते सीट छातीपेक्षा तीन-चार इंच जास्त धरून केलेले असतात. तुमचा फरक सहा इंचांचा. त्यात एका दुकानातला ‘एल’ म्हणजे ४० छातीच्या बाईसाठीचा कुर्ता, तर दुसऱ्याकडे कुर्ताच मोजून ४० इंच. भारतीय अंगांसाठी आपली स्वतःची मापं हवीत म्हणून निफ्ट या राष्ट्रीय फॅशन संस्थेने ‘इंडिया साइज’ प्रकल्पात हजारो लोकांची थ्रीडी स्कॅनरने मापं घेण्याचं काम हाती घेतलं, ते उगाच नाही. तुम्ही मात्र लेबलावरचं अक्षर विसरा आणि पर्समध्ये टेप ठेवा.

साइज ठरवायचा तो खांद्यावरून. पाठीकडून एका खांद्याच्या हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत मोजा. तुमच्या मापाला ते साधारण १४ ते १४॥ इंच यावं. कुर्त्याची बाही जिथे जोडली आहे ती शिवण त्या हाडावर आली पाहिजे. अर्धा इंच इकडेतिकडे चालेल. दीड इंच खाली उतरली तर तो कुर्ता परत ठेवा, कितीही आवडला असला तरी. कारण खांदा कमी करायचा म्हणजे बाही उसवायची, मुंढा (बाही जोडायचा काखेचा गोल) नव्याने कापायचा आणि त्यात बाहीचा गोल पुन्हा बसवायचा. बरेच टेलर या कामाला हातच लावत नाहीत, आणि घाईत केलं तर बाही पुढे ओढते. बाजूची शिवण, लांबी आणि साइड कट मात्र कोपऱ्यावरचा अल्टरवालासुद्धा करून देतो. म्हणून जे दुरुस्त होत नाही ते दुकानातच बरोबर बघून घ्यायचं.

छातीला अंगाच्या मापापेक्षा अडीच ते तीन इंच सैल, म्हणजे तयार कुर्ता ४०॥ ते ४१ इंच. माप घेताना रोज जी ब्रा घालता तीच घालून घ्या. पॅडेड आणि साध्या ब्रात एक इंचाचा फरक सहज पडतो.

आता सीटचं. तुमचा कुर्ता अडकण्याचं मुख्य कारण रुंदीपेक्षा साइड कटची जागा हे असावं. उंच बाईच्या हिशोबाने कापलेल्या कुर्त्यात कट खांद्यापासून २३-२४ इंचांवर सुरू होतो. ५ फूट उंचीला सीटचा सगळ्यात भरलेला भाग येतो २१-२२ इंचांवर. म्हणजे कुर्ता उघडायच्या आधीच तुमची सीट येते, आणि ४४ इंच अंग ४३ इंचांच्या बंद नळीत कोंबलं जातं. कुर्ता वर सरकतो, कंबरेशी गोळा होतो, आणि त्या गोळ्यामुळे पोट नसलं तरी दिसतं. बसल्यावर तर सीट आणखी दीड-दोन इंच वाढते.

उपाय स्वस्त आहे. आरशासमोर उभं राहून सीटचा भरलेला भाग टाचणीने खूण करा, त्याच्या दीड-दोन इंच वर दुसरी खूण करा, आणि कट तिथपर्यंत उसवून घ्या. वरची मर्यादा एकच: हात वर केल्यावर पँटचा पट्टा दिसता कामा नये. कटाच्या टोकाला तीन-चार वेळा मागे-पुढे टीप मारायला सांगा, आतून बोटभर पट्टी लावली तर उत्तमच. नाहीतर पहिल्यांदा रिक्षात चढतानाच तिथून फाटतो. आत दुमडायला अर्धा इंच कापड उरलेलं नसेल तर त्याच रंगाची पातळ पट्टी जोडावी लागते.

कुर्ता घेण्याआधी उलटा करून बाजूची शिवण बघायची सवय लावून घ्या. आत एक इंच कापड सोडलेलं असेल तर त्यातलं अर्धा इंच सोडवता येतं. दोन्ही बाजूंना, पुढच्या-मागच्या भागाला मिळून घेर दोन इंच वाढतो. स्वस्त ऑनलाइन कुर्त्यांत शिवणीला लागूनच ओव्हरलॉक (कडेचे धागे सुटू नयेत म्हणूनची टीप) मारलेलं असतं, तिथे सोडवायला काहीच नसतं. आणि सिल्क किंवा साटीनमध्ये जुन्या टिपेची भोकं कायम दिसतात, तिथे शिवण फक्त आत घेता येते.

ट्रायल रूममध्ये बरोबर दिसतंय का यापेक्षा सुरकुत्या कुठे पडतात ते बघा. छातीपासून काखेकडे तिरक्या रेषा ओढल्या गेल्या तर छातीला घट्ट. उभं राहिल्यावर साइड कट उलट्या ‘व्ही’सारखा फाकला तर सीटला घट्ट. कंबरेवर आडव्या घड्या पडल्या तरी खरा दोष बहुधा सीटचाच असतो, कुर्ता खाली उतरू न शकल्याने त्या पडतात. कंबर सैल करून काही होत नाही. मानेखाली पाठीवर आडवी घडी आली तर मागचा भाग तुमच्या पाठीला लांब झालाय. मग एकदा खुर्चीत बसा. उभ्याने छान आणि बसल्यावर मांडीवर ताणलेला, असे कुर्ते कपाटात पडून राहतात.

प्रकारांत म्हणाल तर तुमच्यासाठी ए-लाइन हा सर्वांत सोपा: खांद्या-छातीला तुमचा साइज आणि कंबरेपासून खाली हळूहळू घेर. सरळ कुर्ताही चालतो, कट वर घेतला तर. अनारकली घ्याल तर ६-८ कळ्यांचा (म्हणजे घेरासाठी जोडलेल्या तिरक्या तुकड्यांचा), मऊ कापडाचा. १६ कळ्यांचा कडक कॉटनचा अनारकली ५ फुटांवर छत्रीसारखा उभा राहतो.

लांबीबद्दल मात्र मी जरा हट्टी आहे. बाजारात ४४-४६ इंच लांबीचे कुर्ते सर्रास मिळतात. ५ फूट उंचीला खांद्यापासून गुडघा साधारण ३४ इंचांवर येतो, पोटरीचा सगळ्यात जाड भाग ३८च्या आसपास. म्हणजे ४६चा कुर्ता तुमच्या घोट्याच्या जरा वर संपतो आणि पँट जेमतेम दिसते. माणूस कपड्यात बुडाल्यासारखा दिसतो. ३८ला संपला तर नजर नेमकी जाड पोटरीवर जाते. ३५ ते ३६, गुडघ्याच्या जरा खाली, हे तुमचं माप. तोकडी कुर्ती हवी असेल तर ती सीटच्या भरलेल्या भागावर संपवू नका. २७-२८ पर्यंत, अर्ध्या मांडीवर आणा. ही मापं अंदाजाची आहेत, टेप खांद्याला लावून स्वतःचा गुडघा मोजा आणि तो आकडा मोबाइलमध्ये लिहून ठेवा. खाली काठ छापलेला कुर्ता मात्र घेऊ नका, कारण तो कापला तर काठच जातो. आणि कॉटन किंवा रेयॉन असेल तर आधी एकदा धुवा, मग लांबी कापा. तीन-चार टक्के आटला तरी ३६चा कुर्ता इंचभराहून जास्त वर जातो.

कापडाची चाचणी दुकानात अशी करा: कापडाचं टोक चिमटीत धरून हातभर सोडा. सरळ खाली पडलं तर अंगावरही पडेल. फुगून उभं राहिलं, म्हणजे ऑर्गेन्झा, कडक टसर, खळ घातलेलं कॉटन, तर सीटवरही फुगेल. उलट फारच पातळ होजिअरी किंवा लायक्रा असेल तर आतल्या कपड्याची प्रत्येक कडा दिसेल. मधलं वजन, म्हणजे क्रेप, जरा जाड रेयॉन, धुऊन मऊ झालेलं कॉटन, तुमच्या कामाचं.

उभ्या रेषांनी बारीक दिसतं, हे प्रत्येक दुकानदार सांगतो. त्यावर फार विसंबू नका. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच दाखवलं होतं की आडव्या रेषांनी भरलेला चौकोन डोळ्याला उलट उंच वाटतो. आणि घट्ट कुर्त्यावरची उभी रेष छाती-सीटवर वाकते तेव्हा ती गोलाई नकाशासारखी आखून दाखवते. त्यापेक्षा कुर्ता आणि पँट एकाच रंगाच्या जवळपासच्या छटांत ठेवा. पांढरी लेगिंग आणि गडद कुर्ता घातला की नजर जोडावर अडते आणि उंची दोन तुकड्यांत मोडते.

खाली लेगिंग आणि चुडीदार घालता येतील, पण पोटरीला चिकटल्याने वरचा घेर आणखी मोठा वाटतो. सरळ पँट बरी, मोहरी (पायाचं खालचं तोंड) १२-१३ इंच. पुढे सपाट आणि फक्त मागे इलॅस्टिक असलेली घ्या. पूर्ण गोल इलॅस्टिकच्या चुण्या नेमक्या सीटवर जमतात. पटियाला सोडूनच द्या. जीन्स सीटला बसेल ती घ्यायची. १० इंचांच्या फरकामुळे ती मागे कंबरेला उघडी पडेल, ते मागच्या मधल्या शिवणीतून दीड इंचापर्यंत आत घेता येतं. त्याहून जास्त घेतलं तर मागचे खिसे एकमेकांना भिडायला लागतात. सीटखाली हसऱ्या तोंडासारख्या रेषा आल्या तर मागचं आसन (कंबरेपासून दोन पायांच्या जोडापर्यंतचं कापड) कमी पडतंय, त्याला इलाज नाही, दुसरी बघा. ‘अँकल लेंग्थ’ तुम्हाला पूर्ण लांबीची होते, कापायचा खर्च वाचतो.

साडी तुम्ही विचारली नाहीत, पण जाड दिसण्याची तक्रार तिथेही येणारच. साडीचा पन्हा साधारण ४५ इंच असतो. तुमच्या कंबरेपासून जमीन ३७-३८ इंचांवर. म्हणजे सात-आठ इंच कापड कंबरेभोवती परकरात खोचलं जातं, आणि ते पोटावर जाडी वाढवतं. कडक साडीत तर गादीच तयार होते. म्हणून मऊ साडी घ्या, परकर चुण्यांचा न घेता कळ्यांचा घ्या, खोचलेलं कापड बोटांनी खाली सपाट ओढून घ्या. सहा-आठ इंचांचा पैठणी काठ तुमच्या पायांची बरीच उंची खातो. दोन-तीन इंचांचा काठ बघा; नारायणपेठमध्ये असे सहज मिळतात.

ब्लाऊजमध्ये ३८ छातीला चार टक्सपेक्षा (छातीला आकार द्यायला घातलेल्या टोकदार चिमट्यांपेक्षा) कटोरी किंवा प्रिन्सेस कट चांगला बसतो, आणि खांद्यापासून छातीच्या टोकापर्यंतचं माप टेलरकडून मुद्दाम घ्यायला लावा; टक्सचं टोक तिथे न पोचता वर-खाली गेलं की सगळं बिघडतं. बाही छातीच्या रेषेत संपवू नका, कोपराच्या जरा वर आणा, नाहीतर तिथे अंग रुंद वाटतं. पुढचा आणि मागचा, दोन्ही गळे रुंद ठेवले तर खांदे घसरणारच. एकच रुंद ठेवा.

राहिला मुंढा. काखेत कापतंय म्हटलं की टेलर मुंढा खाली खोदून देतो. मग हात वर केला की सगळा ब्लाऊज वर येतो, कुर्त्याचंही तेच. मुंढा जितका काखेजवळ तितका हात मोकळा फिरतो; सैल करायची असते ती बाही, दंडाच्या मापाला दीड-दोन इंच. टेलर मान हलवेल आणि तरीही खोदेल, म्हणून कापायच्या आधी बाहीचा आणि मुंढ्याचा आकडा चिठ्ठीवर लिहून कापडाला टाचून द्या, आणि पहिली ट्रायल कच्च्या टिपेवर, अस्तराची शिवण बंद व्हायच्या आत मागा.