12 वर्षांचा फ्रिज नीट गार होत नाही, दुरुस्त करावा की नवीन घ्यावा?

एवढ्यावरून तो लगेच मोडीत काढू नका. आधी बिघाड नेमका कशात आहे ते बघा.

दारात कागद धरून दार लावा. तो सहज ओढून निघाला तर रबर सैल झालंय, ते बदलायला खर्च किरकोळ येतो. मागची जाळी धुळीने भरली असेल तर उष्णता बाहेर पडत नाही आणि कॉम्प्रेसर सतत चालत राहतो. प्लग काढून ती ब्रशने साफ करा, कित्येकदा एवढ्यानेच काम भागतं. थर्मोस्टॅट, रिले, पंखा हे भागही खुशाल बदलून घ्या, फ्रिज जुना असला तरी.

खरा प्रश्न कॉम्प्रेसर आणि गॅसचा. फ्रिजमधला गॅस बंद नळ्यांत फिरतो, तो वापरून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहेच. त्यामुळे 'गॅस भरून देतो' म्हणणाऱ्याला आधी विचारा, गळती कुठे सापडली? ती न बुजवता भरलेला गॅस पुन्हा निघून जाणार. गळती आतल्या भिंतीतल्या फोममध्ये असेल तर दुरुस्ती अवघड आणि बेभरवशाची. अशा वेळी, किंवा कॉम्प्रेसरच गेला असेल तर, एवढ्या जुन्या फ्रिजवर मी तरी पैसे घालणार नाही. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त होत असेल तेव्हाही नवीनच घ्या.

नवीन घेताना वर्षाला किती युनिट वीज लागते ते लेबलवर बघा. आणि जुना 'असू दे जास्तीचा' म्हणून चालू ठेवू नका, वीजबचत तिथेच संपते.